समेटासाठी आधी कोणी उठायचं

तिला सगळे कवळीवाली म्हणत. तोंडावर नाही, माघारी. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. दातांच्या डॉक्टरांकडून म्हाताऱ्या तोंडांचे साचे यायचे. त्यांवर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, मेणात एकेक दात बसवायचा, मग उकळत्या पाण्यानं मेण काढून त्या जागी गुलाबी मसाला भरायचा, तो शिजवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. अर्धं आयुष्य तिनं हेच केलं होतं. "निम्मं गाव हिच्या दातांनी हसतं," शेजारच्या टेबलावर प्लास्टर ओतणारा साचेवाला म्हणायचा, "आणि ही बया स्वतःचे दात फोटोतसुद्धा दाखवत नाही." ती हसायची, पण तोंड मिटून.

कामात मात्र खमकी. कवळी टोचते म्हणून परत आली की नव्या पोरी म्हणायच्या, होईल म्हातारीला सवय. ही फटकारायची, "सवय तिनं का करायची? टोचतं तिथं कवळी घासायची असते, हिरडी नाही." असं ठणकावून बोलणारी बाई रविवारी चर्चमध्ये पाऊल टाकलं की मुकी व्हायची. शेवटच्या बाकावर, दाराच्या अगदी लगत बसायची. कोणी म्हणे, तिला वारा लागतो. कोणी म्हणे, शिष्ट आहे. खरं असं होतं की कुठल्याही खोलीत गेली तरी आधी दार कुठे आहे ते बघितल्याशिवाय तिच्या छातीत श्वास मावत नसे. अंघोळीला जाताना ती कडी लावायची, मग परत हात लावून बघायची, मग परत.

लग्न केलं नाही. स्थळं आली होती, चांगली आली होती. ती नको म्हणायची आणि आई मान डोलवायची. लेकीनं चांगलं स्थळ नाकारलं आणि आईनं "का गं?" असं एकदाही विचारलं नाही, असं घर तुम्ही पाहिलंय? जी आई विचारत नाही, तिला बहुधा उत्तर माहीत असतं.

बाप गेला तेव्हा ती लहान होती आणि भाऊ पाळण्यात होता. मामानं तिघांना आपल्या घरात आणलं. मामा शाळेत मास्तर, चर्चमध्ये पेटी वाजवणारा, गाणं शिकवणारा, सगळ्यांचा लाडका. चर्चची अख्खी मंडळी त्याला मास्तर म्हणायची. बहिणीचा संसार उचलला म्हणून लोक त्याचं नाव घेऊन आपल्या मुलांना चांगुलपणा शिकवत. भाचीचा गळा गोड आहे, हिला गाणं शिकवतो, असं त्यानं जाहीर केलं. शनिवारी दुपारी, मागच्या खोलीत, खिडक्या लावून. का, तर आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास नको. त्या खोलीत काय झालं ते इथे सांगायचं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं आहे, आणि ज्यांना कळलं नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत.

तिनं आईला सांगितलं होतं. एकदाच. आई मोरीत चादर पिळत होती. पोरगी अडखळत बोलली, तिच्याकडे त्यासाठी शब्दच नव्हते, पण जेवढे होते तेवढे तिनं खर्च केले. आईचे हात थांबले. मग ती म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला? त्यानं हाकललं तर जायचं कुठे? पुन्हा हा शब्द तोंडातून काढायचा नाही." आणि उरलेली चादर पिळायला लागली. पुढच्या शनिवारी आईनंच तिची वेणी घालून तिला गाण्याला धाडलं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मामाची बदली होऊन तो दूरच्या गावी गेला तेव्हा चर्चनं त्याला शाल दिली, आणि निरोपाचं गाणं भाचीकडून म्हणवून घेतलं. त्यानंतर ती कधीच गायली नाही. कवळ्यांच्या लॅबमध्ये लागली, पहिल्या कमाईवर भाड्यानं दोन खोल्या घेतल्या, आईला आणि भावाला तिथं आणलं. भाऊ मोठा होऊन वायरमन झाला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणी दात घासतानाही गायची आणि तोंडातला फेस आरशावर उडवायची.

अशात मास्तर निवृत्त होऊन परत आले.

मंडळीला कोण आनंद! पेटीवर धूळ बसली होती, मुलांचं गाणं म्हणजे दहा जणांची दहा गाणी झाली होती. चर्चच्या नव्या पाळकांनी, धर्मगुरूंनी, रविवारच्या उपासनेतच जाहीर केलं: मास्तर आपल्या घरी मुलांचा गाण्याचा वर्ग घेणार, शनिवारी दुपारी. चिमणी जागेवरच उड्या मारायला लागली. शेवटच्या बाकावरची आत्या उठून बाहेर गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिला दोनदा उलटी झाली. साचेवाला पाणी घेऊन आला. "मसाल्याचा वास चढला," ती म्हणाली. "इतकी वर्षं नाही चढला तो?" तो म्हणाला, पण पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी तिनं भावाला जिन्यात गाठलं आणि सांगितलं. या वेळी तिच्याकडे शब्द होते. भाऊ हत्यारांच्या पेटीवर मटकन बसला. ढसाढसा रडला. "ताई, मी पाळण्यात होतो गं," असं म्हणत राहिला, जणू त्याच्यावर कोणी आळ घेतला होता. आणि मग त्यानं तेच केलं जे भला माणूस गोंधळला की करतो. तो सरळ पाळकांकडे गेला.

पाळक तरुण होते, शिकलेले, मनाचे चांगले. चांगल्या माणसांवर रागावताही येत नाही, ही एक वेगळीच पंचाईत असते. ते घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले, डोळे मिटून प्रार्थना केली. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला ऐकू कमी यायचं, पण किती कमी ते तिलाच माहीत.

"ताई, तुमचं दुःख मोठं आहे," पाळक म्हणाले. "पण मनात कडवटपणा धरलात तर तो तुम्हालाच खाईल. क्षमा केल्याशिवाय बरं होता येत नाही. जुनं ते होऊन गेलं."

"पाळकसाहेब, प्रभू मेलेल्यांतून उठला तेव्हा त्याच्या हातांची भोकं बुजली होती का?"

पाळक म्हणाले, "नाही. ती होतीच."

"त्यानं शिष्यांना ती दाखवली ना? झाकली तर नाहीत?"

"ते वेगळं आहे, ताई."

"आणि वर्गाचं काय?" तिनं विचारलं. "पोरींना तिथं पाठवणार तुम्ही?"

पाळकांनी घाम पुसला. मास्तर आता म्हातारे झाले आहेत, एका बाजूचं ऐकून एखाद्याचं नाव कसं खराब करायचं, असं काहीबाही ते बोलले. मग त्यांचा चेहरा उजळला. "आपल्याकडे समेटाची रीत आहे की! त्यासाठीच तर आहे ती."

ही रीत या मंडळीची अगदी स्वतःची. फार पूर्वी दोन भाऊ कुंपणावरून भांडले, एकमेकांचं तोंड बघेनात. तेव्हाच्या पाळकांनी प्रभुभोजनाची भाकर, जी प्रभूच्या आठवणीत सगळे वाटून खातात, झाकून ठेवली आणि सांगितलं, तुमचा समेट होईपर्यंत कोणालाच मिळणार नाही. भाऊ रडत रडत गळ्यात पडले. तेव्हापासून प्रभुभोजनाआधी बायबलमधलं समेटाचं वचन वाचायचं, ज्याच्या मनात कोणाविरुद्ध काही असेल त्यानं आपल्या जागेवरून उठायचं, चालत पुढे यायचं आणि भाकरीच्या मेजापाशी समोरच्याचा हात हातात घ्यायचा. तोवर सगळी मंडळी थांबणार. उठायचं कोणी, तर ज्याचं दुखतंय त्यानं. कारण ज्यानं दुखावलं त्याला बिचाऱ्याला कुठे ठाऊक असतं? असा हिशोब. कुंपणाच्या, उसन्या भांड्यांच्या, सासूसुनांच्या भांडणांना हे औषध लागू पडत आलं होतं. आता तेच औषध इथे काढलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मास्तर तर चार पावलं पुढे निघाले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या भाचीच्या मनात माझ्याबद्दल काही किंतु आहे असं कानावर आलंय. तिनं समेटाचा हात दिल्याशिवाय मी वर्ग सुरू करणार नाही." केवढं मोठं मन, लोक म्हणाले. आणि किल्ली कवळीवालीच्या हातात आली. तिनं हात दिला की वर्ग सुरू, आणि चिमणी त्या घरात. नाही दिला तर सगळ्या मंडळीची भाकर अडवणारी आडमुठी बाई तीच. करून सवरून मामा नामानिराळा.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. रस्त्यात बायका थांबवून सांगायच्या, "देऊन टाक गं हात, काय झालं असेल ते असेल." काय झालं ते एकीनंही विचारलं नाही. भावजय भांडी आपटत म्हणाली, "एवढं होतं तर इतकी वर्षं गप्प का बसलात?" भाऊ दोन्हीकडून पिचला. आधी म्हणाला चिमणीला पाठवणारच नाही, मग म्हणाला, "मी स्वतः तिच्यासोबत बसेन, ताई. मग तर झालं? तू हात देऊन टाक, आईचं वय बघ." चिमणी आत्याशी बोलेनाशी झाली. तिला एवढंच कळलं होतं की आत्यामुळे गाणं अडलंय. आईनं कशातच तोंड घातलं नाही. जेवण ताटात तसंच ठेवून ती पडून राहायची.

लॅबमध्ये कवळीवालीनं एका म्हाताऱ्याची कवळी घासता घासता आरपार घासली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. ती मशीन बंद करून बसून राहिली. उद्या उजाडलंच नाही तर बरं, असं तिला वाटलं, आणि हे वाटणं तिला नवं नव्हतं. ते तिच्या ओळखीचं होतं, मधूनमधून येऊन बसणारं.

तिची प्रार्थना म्हणजे देवाशी भांडणच असायचं. तू होतास ना त्या खोलीत? भिंतीवर तुझी तसबीर होती. मग हात का नाही उचललास? याचं उत्तर तिला कधी मिळालं नाही आणि ज्यांनी ते दिलं त्यांच्यावर तिनं विश्वास ठेवला नाही. तरी ती देवाला सोडून गेली नाही, याचं कारण एकच. क्रुसावर चढवण्याआधी त्याचेही कपडे लोकांनी ओढून काढले होते. भर गर्दीत. आणि त्याचे स्वतःचे लोक पळून गेले होते. हे उपदेशात कोणी सांगत नाही, पटकन पुढे सरकतात. पण तिनं ते लहानपणीच हेरून ठेवलं होतं. त्याला माहीत आहे, एवढंच ती स्वतःला सांगायची. कधीकधी तेवढंही पुरायचं नाही. त्या आठवड्यात पुरलं नाही.

रविवारी चर्च खचाखच भरलं होतं. तमाशाला गर्दी जमते, तशी प्रार्थनेला जमत नाही. आई नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर, भावाच्या म्हणजे मास्तरांच्या शेजारी. मेजावर पांढऱ्या कापडाखाली भाकर. पाळकांनी इशारा केला तसे मास्तर उठून मेजापाशी जाऊन उभे राहिले. नीट इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर दुखावलेल्या माणसाचं हसू. त्यांनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

पाळकांनी वचन वाचलं. सगळ्या माना मागे वळल्या.

ती उठली. नाही म्हणायचं असं ती ठरवून आली होती, पण इतक्या डोळ्यांसमोर तिच्यातली ती वेणी घातलेली पोरगी जागी झाली आणि पाय आपोआप हलले. ती बाकाबाहेर आली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. चिमणी आशेनं तिच्याकडे बघत होती. तिला धीर यावा म्हणून पाळकांनी तेच वचन पुन्हा, सावकाश वाचायला घेतलं.

जन्मभर ऐकलेलं वाक्य माणूस ऐकतच नाही. तिनं ते त्या दिवशी ऐकलं. आणि ती वाटेत थांबली.

"पाळकसाहेब, परत वाचा."

"ताई, या ना पुढे."

"परत वाचा हो. कोणी जायचं म्हणतो प्रभू?"

पाळकांनी पान पाहिलं. त्यांचे ओठ हलले. त्यांनीही ते शेकडो वेळा वाचलं असेल. "अर्पण घेऊन वेदीपाशी उभा आहे त्यानं," ते हळू बोलले. "तिथं त्याला आठवलं, की... की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. तर त्यानं अर्पण तिथंच ठेवून जायचं."

"ज्याचं दुखतंय त्यानं नाही?"

पाळकांनी नकारार्थी मान हलवली.

"मग मी कशाला चालतेय?" तिचा आवाज चिरकला, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "मामा, माझ्या मनात तुमच्याविरुद्ध आहे. तुम्ही मेजापाशी उभे आहात. तुम्ही या. मी इथंच थांबते. आणि येता येता, शनिवारच्या दुपारी खिडक्या लावून तुम्ही माझ्याशी काय करत होतात, ते सगळ्यांना सांगत या. मग या पोरींना गाणं शिकवा."

कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. कोणी म्हणालं, "बसा खाली, देवाचं घर आहे." मास्तरांचा हात अजून पुढेच होता. ते मंडळीकडे बघून हसले. "लहानपणापासूनच जरा... पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला होता, बाप गेल्यापासून. मी कोणाला सांगितलं नाही. माझा काही राग नाही तिच्यावर." आणि लोकांच्या माना हलायला लागल्या. तिला ते दिसलं. एकेक मान त्याच्या बाजूला झुकताना दिसली. भावजयीनं चिमणीला जवळ ओढलं, आत्यापासून लांब. भाऊ खाली बघत होता. संपलं, तिला वाटलं. बोलूनही संपलंच. आता कुठे जायचं ते तिला सुचेना.

तेव्हा पहिल्या बाकावरून आई उठली.

मास्तरांना वाटलं, बहीण पोरीला आवरायला निघाली. "अक्का, तू बस, तुला चालवत नाही," ते म्हणाले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती एकेका बाकाला धरून चालू लागली. पाळक हात द्यायला पुढे झाले, तिनं तो झटकला. वाट लांब नव्हती, पण तिला फार वेळ लागला. ती लेकीच्या समोर येऊन उभी राहिली. दमली होती. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी ती मोठ्यानं बोलली, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"हिच्या मनात माझ्याविरुद्धही आहे. म्हणून मी आलेय. हिनं मला सांगितलं होतं. लहान होती तेव्हाच सांगितलं होतं. हिचं डोकं ठिकाणावर होतं. मीच हिला गप्प केलं, आणि मीच परत परत तिथं धाडलं."

मास्तरांचा हात खाली आला. भाऊ उठला, त्यानं चिमणीला उचललं आणि कोणाकडेही न बघता बाहेर नेलं. ती रडत विचारत होती, "माझं गाणं?" मग दुसऱ्या एका बाईनं आपल्या मुलीचा हात धरला, मग तिसरीनं. पाळकांनी पुस्तक मिटलं. भाकर कापडाखाली तशीच राहिली. ती झाकूनच ठेवायची की उघडायची, हे त्या दिवशी त्यांना कळेना. मास्तर काहीतरी बोलत होते, पण आता त्यांच्याकडे बघणारं कोणी नव्हतं.

माय-लेकी समोरासमोर उभ्या होत्या. लेकीला वाटलं होतं, हा दिवस आलाच तर आपल्याला रडू येईल, आपण आईच्या कुशीत शिरू. तसं काही झालं नाही. तिला राग आला. इतकी वर्षं मामावर, देवावर, स्वतःवर वाटून टाकलेला राग गोळा होऊन आला आणि त्याला पहिल्यांदा नीट जागा मिळाली. आईनं हात पुढे केला नाही. मागितलं नाही काही.

"तुला तेव्हा ते खरं वाटलं होतं?" लेकीनं विचारलं.

"हो."

"तरी धाडलंस?"

"हो," आई म्हणाली, आणि पुढे कसलंही कारण सांगितलं नाही.